किरणोपचारानंतरचा स्तनदाह

सन २०१८ च्या श्रावणांत आमच्या धाकट्या भावाच्या पत्नी सांगलीहून चार आठवड्यांकरितां आमच्या मुंबईच्या बिऱ्हाडीं राहावयास आल्या होत्या. येण्याचें खरें कारण वडील माणसांखेरीज कोणास सांगितलेलें नव्हतें. शेजारीपाजारीं 'वहिनी डोळ्यांच्या औषधाला आल्या आहेत' असें सांगण्यांत आलें, आणि तें सांगणारे आम्हीच होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे. वस्तुतः त्यांच्या उजव्या स्तनांत सुपारीएवढी गांठ निघाली होती व ती कर्करोगाची ठरली होती. शस्त्रक्रिया करून तेवढी गांठ आणि काखेंतील कांहीं ग्रंथी काढल्या होत्या, आणि आतां राहिलेल्या स्तनावर किरणोपचार व्हावयाचा होता. रोज दुपारीं इस्पितळांत जावयाचें, यंत्राखालीं कांहीं मिनिटें स्वस्थ पडून राहावयाचें व परत यावयाचें, असे वीस दिवस ठरले होते.

पहिले दहा दिवस कांहींच झालें नाहीं. किरण डोळ्यांना दिसत नाहीं, अंगाला लागत नाहीं, त्याची ऊबही जाणवत नाहीं. वहिनी परत येऊन संध्याकाळीं आमच्याबरोबर भाजी निवडीत बसत, आणि आम्हां सर्वांस वाटूं लागलें कीं, एवढ्याचीच का आपण इतकी धास्ती घेतली होती! मग तिसरा आठवडा लागला, आणि एके रात्रीं त्यांनीं हळूच हांक मारली, "वन्सं, जरा दार लावून घेतां? तुम्हांला एक दाखवायचं आहे." स्तनाची कातडी काळसर तांबूस झाली होती, हात लावतां गरम लागत होती, आणि ती बाजू दुसरीपेक्षां उघड उघड सुजलेली दिसत होती. "घरीं आई म्हणत होत्या तेंच खरं," त्या म्हणाल्या, "रोग आंत राहिला होता, तो आतां वर आला. उद्यांपासून मी जात नाहीं."

हा लेख लिहावयास बसण्याचें कारण तें एक वाक्य होय. वर आलेला तो दाह रोगाचा नव्हता, उपचाराचा होता. स्तनावर किरण घेणाऱ्या स्त्रियांपैकीं बहुतेकींना तो कमीअधिक प्रमाणांत होतोच. त्याला भिऊन उपचार अर्धा टाकणें ही मोठी चूक ठरली असती. परंतु पुढें सातआठ महिन्यांनीं तोच स्तन पुन्हां लाल होऊन सुजला, तेव्हां 'हा किरणांचाच परिणाम' म्हणून स्वस्थ बसणें ही तितकीच मोठी चूक होती, आणि ती मात्र आमच्या घरांत घडली. दोन्ही वेळीं अंगावर दिसणारें चिन्ह जवळजवळ सारखेंच होतें. कोणत्या दाहाला धीर धरावा आणि कोणता दाह ताबडतोब दाखवावा, हें आम्हांस कोणीं आधीं नीट समजावून सांगितलें असतें, तर पुष्कळ मनस्ताप वांचला असता. वहिनींच्या परवानगीनें, किंबहुना त्यांच्या आग्रहावरून, ही हकीकत येथें देत आहों.

हा विषय थोड्या घरांपुरता राहिलेला नाहीं. हिंदुस्थानांतील स्त्रियांत जे कर्करोग होतात त्यांत स्तनाच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला आहे. २०२२ सालीं देशांत त्याचे सुमारें १ लाख ९२ हजार नवे रोगी झाले, असा आंतरराष्ट्रीय संस्थेचा अंदाज आहे. लग्नमुंजींत एकत्र जमणाऱ्या कोणत्याही मोठ्या गोतावळ्यांत हा आजार झालेली एखादी मावशी, आत्या किंवा वहिनी आज बहुधा असतेच. मात्र तिच्या आजाराचें नांव पंगतींत कोणी घेत नाहीं.

आतां हा दाह होतो कसा तें पाहूं. आपली कातडी ही स्थिर वस्तु नव्हे. तिच्या तळाच्या थरांत नव्या पेशी सारख्या जन्मास येत असतात, त्या हळूहळू वर सरकतात, आणि साधारण महिन्याभरानें कोंडा होऊन गळून जातात. किरण पेशींच्या केंद्रांतील डीएनए नांवाच्या द्रव्याला इजा करतो, आणि ज्या पेशी भराभर विभागतात त्यांना ही इजा अधिक भोंवते. कर्करोगाच्या पेशींचा नाश होतो तो ह्याच गुणामुळें. परंतु कातडीच्या तळच्या पेशीही विभागणाऱ्याच असल्यामुळें त्याही थोड्याफार घायाळ होतात. वरचे थर तोंपर्यंत शाबूत असल्याकारणानें पहिले कांहीं दिवस बाहेरून कांहींच दिसत नाहीं. वरचे थर झडूं लागले आणि खालून भरती येईनाशी झाली, म्हणजे मग नुकसान उघडें पडतें. त्याबरोबर बारीक रक्तवाहिन्या फुगतात, त्यांतून पाणी झिरपतें, कातडी गरम व ताठ होते. वहिनींना दहा दिवस कांहीं झालें नाहीं व तिसऱ्या आठवड्यांत एकाएकीं झालें, त्याचा उलगडा हा असा आहे. आणि ह्याच कारणानें उपचार संपल्याबरोबर दाह संपत नाहीं. उलट शेवटचा किरण घेतल्यानंतरच्या आठवडा-दोन आठवड्यांत तो बहुधा सर्वांत जास्त असतो. ही शेवटली गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती, आणि तिनेंच पुढें घोटाळा केला.

किरणांनीं कातडी भाजते हें शास्त्रज्ञांस फार लवकर, व स्वतःच्या अंगावरच, कळून आलें. राँटजेननें १८९५ च्या नोव्हेंबरांत क्ष-किरण शोधून काढले. १८९८ सालीं क्यूरी पतिपत्नींनीं रेडियम शोधलें. १९०१ सालीं आंरी बेकरेल ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें रेडियमची एक लहानशी नळी आपल्या वासकुटाच्या खिशांत घालून नेली, आणि कांहीं दिवसांनीं खिशाखालची कातडी लाल होऊन तिची जखम झाली. तें ऐकून पिअर क्यूरी ह्यांनीं रेडियमयुक्त द्रव्य मुद्दाम आपल्या दंडावर दहा तास बांधून पाहिलें. त्यांसही तशीच जखम झाली व ती बरी व्हावयास कित्येक आठवडे लागले. जें निरोगी कातडीला जाळतें तें रोगट गांठीलाही जाळील, ह्या तर्काला ह्या अनुभवांनीं बळ आलें. पुढें कांहीं वर्षें तर डॉक्टरांपाशीं किरण मोजण्याचें खात्रीचें परिमाणच नव्हतें. कातडी लाल होण्यास जेवढा किरण लागतो तेवढा म्हणजे एक मात्रा, असें ते धरीत! १९२८ सालीं स्टॉकहोमच्या परिषदेंत राँटजेन हें परिमाण ठरलें, तेव्हां कुठें रोग्याची कातडी मापाच्या कामांतून सुटली. हल्लीं इंग्रज शास्त्रज्ञ ग्रे ह्यांच्या नांवाचें परिमाण चालतें.

येथें वाचकांपैकीं कोणी विचारील कीं, गांठ काढून टाकल्यावर किरणांची ही पीडा हवीच कशाला? वहिनींनींही त्या रात्रीं आम्हांस हेंच विचारलें होतें. त्याचें उत्तर थोडें मागें जाऊन द्यावें लागतें. १८९४ च्या सुमारास अमेरिकेंतील विल्यम हॉल्स्टेड ह्या शस्त्रवैद्यानें जी पद्धति रूढ केली, तींत सबंध स्तन, त्याच्याखालचे छातीचे स्नायु व काखेंतील ग्रंथी हें सर्व काढून टाकीत. ह्या भयंकर शस्त्रक्रियेनें स्त्रीच्या छातीचा नुसता सांगाडा राही, हात सुजे, आणि तरीही पाऊणशें वर्षें ती जगभर चालली. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळांतील जेफ्री केन्स ह्यांनीं (प्रख्यात अर्थशास्त्रज्ञ केन्स ह्यांचे हे बंधु) १९२० नंतरच्या दशकांत स्तन तसाच ठेवून त्यांत रेडियमच्या सुया बसवून पाहिल्या, परंतु त्यांचें फारसें कोणीं ऐकलें नाहीं. शेवटीं मिलान येथें उंबेर्तो व्हेरोनेसी आणि अमेरिकेंत बर्नार्ड फिशर ह्यांनीं शेंकडों स्त्रियांवर दोन्ही पद्धतींची रीतसर तुलना केली, आणि वीस वर्षांच्या निरीक्षणानंतरचे निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले. स्तन सबंध काढलेल्या व केवळ गांठ काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानांत फरक पडला नव्हता. मात्र फिशर ह्यांच्या प्रयोगांत, ज्यांनीं गांठ काढल्यावर किरण घेतले नाहींत अशा शंभरांपैकीं सुमारें ३९ जणींच्या त्याच स्तनांत रोग परत आला. ज्यांनीं घेतले त्यांच्यांत हा आंकडा सुमारें १४ होता. स्तन राखावयाचा तर त्याची किंमत म्हणून किरण घ्यावे लागतात, आणि त्या किरणांची किंमत म्हणून हा दाह. आम्हीं त्या रात्रीं वहिनींना हे आंकडे सांगितले नाहींत. आम्हांसच ते तेव्हां ठाऊक नव्हते. 'उद्यां डॉक्टरांना नुसतें दाखवूं आणि मग ठरवूं' एवढेंच म्हणालों. डॉक्टरीणबाईंनीं पाहिलें, 'हें व्हायचंच, अजून थोडं वाढेल' असें सांगून एक मलम दिलें, आणि वहिनी यंत्राखालीं जाऊन निजल्या.

आपल्याकडे ह्या उपचारास घरच्या माणसांपासून दूर, विलायतेस जावें लागे असा एक काळ होता. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें विलायतेंतच वारल्या. तेथल्यासारखी सोय आपल्या देशांत असावी ही सर दोराबजींची इच्छा त्यांच्या पश्चात् फळास येऊन १९४१ च्या फेब्रुवारींत परळ येथें टाटा मेमोरियल इस्पितळ उघडलें. १९६२ पासून तें अणुशक्ति खात्याकडे आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रानें तयार केलेलें 'भाभाट्रॉन' हें कोबाल्टचें यंत्र २००५ सालीं खारघर येथें प्रथम बसलें. आतां तर मुंबई-पुण्याबाहेरच्या अनेक शहरांतूनही किरणोपचार होतो. आमच्या वहिनी मुंबईस आल्या त्या सोयीच्या अभावीं नव्हे. गांवांत कोणास कळूं नये म्हणून आल्या.

किरण एकदम न देतां थोडा थोडा कां देतात, हेंही घरांतल्या माणसांनीं समजून घ्यावें, कारण 'आज राहूं दे, उद्यां जाऊं' हें वाक्य त्यांच्याच तोंडून निघतें. पॅरिसच्या रेडियम संस्थेंत क्लॉडियस रेगो ह्यांनीं मेंढ्यांवर केलेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, एका बैठकींत सबंध मात्रा दिली तर कातडी करपते. तीच अनेक दिवसांत विभागून दिली तर इष्ट कार्य होतें आणि कातडी निभावते. निरोगी पेशी दोन बैठकींच्या मधल्या वेळांत आपली डागडुजी करून घेतात. कर्कपेशींना ती तितकीशी साधत नाहीं. पूर्वीं स्तनाला पांच आठवड्यांत २५ बैठकींनीं ५० ग्रे देत. पुढें इंग्लंडांतील प्रयोगांवरून तीन आठवड्यांत १५ बैठकींनीं ४० ग्रे पुरतात असें ठरलें, आणि २०२० सालीं तर एका आठवड्यांत पांच बैठकींनीं २६ ग्रे देऊनही रोग तितकाच आटोक्यांत राहतो असें तेथेंच दिसून आलें. वहिनींना तीन आठवडे सर्व स्तनावर व त्यानंतर पांच दिवस फक्त गांठीच्या जागेवर किरण दिला होता. ह्या सर्व हिशेबांत खंड पडणें गृहीत धरलेलें नसतें. दाहामुळें बैठक थांबवावयाची कीं नाहीं हें डॉक्टर ठरवितात. घरीं बसून आपण ठरवावयाचें नसतें.

शेवटची बैठक १० सप्टेंबरला झाली, आणि १३ तारखेस गणपति. वहिनी हौसेनें सांगलीस परतल्या. घर पाहुण्यांनीं भरलेलें, गौरींच्या सोळा भाज्या, पुरणाचा घाट, दिवसभर शेगडीपाशीं उभें राहणें आणि घट्ट चोळीवर जरीची साडी! गौरीजेवणाच्या दिवशीं दुपारीं स्तनाखालच्या घडीची कातडी सुटली व तेथून पाणी वाहूं लागलें. उपचार संपला, आतां दाह उतरणार, ह्या समजुतींत असलेलें सारें घर घाबरलें. आमच्या आईनें आपल्या परीनें उपाय सुरू केले. बाळंतिणीचें दूध साकळून स्तन सुजला तर शेक द्यावा, लेप घालावा, हें ज्ञान तिला तिच्या सासूकडून मिळालें होतें, आणि त्या दुखण्यास त्यांतलें कांहीं उपयोगीही पडतें. तिनें ऊन कपड्यानें शेकलें, आणि हळद व चंदन उगाळून लेप दिला. रात्रीं आग इतकी झाली कीं वहिनींना अंगावर पदर सोसवेना. त्यांतच कोणीं सांगितलें कीं, किरण अंगांत साठून राहतात. म्हणून चार वर्षांच्या पुतण्याला त्यांच्यापाशीं निजावयास बंदी झाली. पोर दाराशीं रडत होतें, हें वहिनींनीं आम्हांस फोनवर सांगितलें तेव्हां त्यांस कातडीच्या आगीपेक्षां त्याचेंच दुःख अधिक होतें.

ही भीति अगदीं निराधार आहे. बाहेरच्या यंत्रांतून येणारा किरण अंगांतून पार होतो. दिवा मालवल्यावर खोलींत उजेड उरत नाहीं तसा यंत्र बंद झाल्यावर देहांत तो उरत नाहीं. मुलास कुशींत घ्यावें, एका ताटांत जेवावें, कांहीं होत नाहीं. (शरीरांत किरणोत्सर्गी द्रव्य ठेवण्याचे किंवा पाजण्याचे उपचार वेगळे, त्यांचे नियम तेथें सांगतात.)

लेपाविषयीं थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे, कारण हा मोह प्रत्येक घरांत होणार. कातडी जेथें सुटली आहे तेथें लेप, चूर्ण, शेक, बर्फ, लिंबू, अत्तर ह्यांपैकीं कांहींही लावूं नये. लेप वाळला कीं कातडी ओढतो, काढतांना वरचा नाजुक पापुद्रा निघतो, आणि उघड्या जागीं जंतूंना वाट मिळते. हळदीचा अभिमान आम्हांसही आहे. अमेरिकेंत रॉचेस्टर येथें हळदींतील सत्त्वाची ह्याच दुखण्यावर परीक्षाही झाली आहे. २०१३ सालीं तीस स्त्रियांना तें पोटांतून देऊन पाहिलें तेव्हां कातडी कमी बिघडली असें दिसलें. आमच्यासारख्यांस आनंद झाला. परंतु २०१८ सालीं तोच प्रयोग सुमारें सातशें स्त्रियांवर केला तेव्हां हळद घेणाऱ्या व न घेणाऱ्या ह्यांच्यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. ज्यांना शास्त्राचा आधार पाहिजे त्यांनीं त्याचा दुसरा निकालही मानला पाहिजे. कोरफडीचेंही असेंच आहे. तिची कीर्ति मोठी, पण परीक्षेंत ती टिकली नाहीं. मोमेटासोन नांवाचें स्टेरॉइडचें मलम पहिल्या दिवसापासून लावलें तर दाह कमी होतो असें मात्र अनेक ठिकाणीं सिद्ध झालें आहे. तें डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच लावावें, आणि फुटलेल्या जागीं लावूं नये.

आंघोळीविषयींही जुना गैरसमज आहे. पूर्वीं डॉक्टरच किरण घेतलेल्या जागेला पाणी लावूं नका म्हणत, आणि त्या उकाड्यांत रोग्यांचे हाल होत. आतां कोमट पाण्यानें व सौम्य साबणानें रोज हलकेच धुवावें असेंच सांगतात. प्रयोगांतही धुणाऱ्यांची कातडी न धुणाऱ्यांपेक्षां वाईट झाली नाहीं. पुसतांना चोळूं नये, मऊ कापडानें टिपून घ्यावें. स्तनाखालची घडी व कांख ह्या दोन जागा घामानें ओल्या राहतात व एकमेकींवर घासतात. दाह सर्वांत जास्त तेथेंच होतो, आणि ज्यांचे स्तन मोठे आहेत त्यांना अधिक होतो. पाणी वाहूं लागलें तर इस्पितळांतून त्यासाठीं विशिष्ट पट्टी मिळते. ती घरीं आणलेल्या कापसापेक्षां शतपट बरी, कारण कापूस चिकटून बसतो.

आणखी एक गोष्ट. विलायती पुस्तकांत 'कातडी लाल होते' असें लिहिलेलें असतें. आपल्या सांवळ्या अंगावर लाली लपते आणि कातडी जांभळट किंवा काळवंडलेली दिसते. म्हणून 'लाल तर नाहीं' एवढ्यावर समाधान मानूं नये. उष्णता, सूज, खाज व ठणका ह्यांवरून पाहावें.

सांगलीस त्या वेळीं पट्टी बांधवून घेतली, लेप धुवून टाकला, आणि सुमारें तीन आठवड्यांत खालून नवी गुलाबी कातडी आली. काळेपणा दिवाळीनंतरही राहिला होता. एवढ्यावर कथा संपती तर आम्ही हा लेख लिहिला नसता.

पुढच्या वर्षीं चैत्रांत, म्हणजे किरण संपल्यावर सात महिन्यांनीं, तोच स्तन पुन्हां जड झाला. खालच्या अर्ध्या भागाची कातडी जाड होऊन तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे दिसूं लागले, आणि एके बाजूस लालसर छटा आली. ह्या वेळीं घरांतल्या सर्वांना ज्ञान झालेलें होतें! 'किरणांचा परिणाम आहे, जाईल' असें त्यांनीं त्यांना, व त्यांनीं स्वतःला, सांगितलें. खरें पाहतां मनांतून त्या भ्यालेल्या होत्या. परंतु पुन्हां चौघांसमोर तो विषय काढावयाचा, दिराच्या गाडींतून पुन्हां इस्पितळांत जावयाचें, घरांत पुतणीचें लग्न ठरलेलें, त्यांत आपलें हें आणखी कशाला, अशा विचारांत पांच आठवडे गेले. मे महिन्याच्या सुटींत आम्ही सांगलीस गेलों, तेव्हां माडीवर पुन्हां तेंच वाक्य ऐकलें, "वन्सं, जरा दार लावून घेतां?"

असें उशिरां येणारें दुखणें चार प्रकारचें असूं शकतें, आणि तें वरून पाहून घरच्या माणसाला ओळखतां येत नाहीं. एक, नुसती सूज. काखेंतील ग्रंथी काढल्यानें व किरणानें लसिकेच्या बारीक वाटा बुजतात, पाणी स्तनांतच तुंबतें; ही सूज उपचारानंतर कित्येक महिने राहते व बहुधा वर्ष-दोन वर्षांत ओसरते. दुसरें, त्या तुंबलेल्या पाण्यांत जंतूंचा शिरकाव होऊन झालेला दाह. ह्यांत बहुधा ताप व थंडी असते, आणि कधीं कधीं ती नसतेही. तिसरें, एखाद्या औषधानें जुन्या जागीं पुन्हां पेटलेला दाह. १९५९ सालीं अमेरिकेंतील डँजिओ ह्या डॉक्टरांनीं तो प्रथम वर्णन केला. किरण घेऊन महिने लोटल्यावर कर्करोगावरचें एखादें जहाल औषध दिलें तर पूर्वीं किरण पडलेल्या नेमक्या जागेपुरती कातडी पुन्हां लाल होते, जणूं तिला आठवण राहिलेली असते. आणि चौथें, जें मनांत आणवत नाहीं तें: रोगाचें परत येणें. कर्करोगाचा एक प्रकार गांठ न होतां असाच दाहाच्या रूपानें कातडींत पसरतो, आणि त्याचेंही चिन्ह संत्र्याच्या सालीसारखी कातडी हेंच आहे.

वहिनींच्या स्तनाची सोनोग्राफी व मॅमोग्राफी झाली. दहा दिवस जंतुनाशक गोळ्या दिल्या. लाली थोडी कमी झाली, पण गेली नाहीं. तेव्हां डॉक्टरांनीं कातडीचा तांदळाएवढा तुकडा काढून तपासावयास पाठविला. दाह औषधानें पूर्ण बसला नाहीं तर तुकडा तपासून घ्यावाच, त्यांत चालढकल करूं नये, असें त्यांनीं आमच्या भावास स्पष्ट बजावलें. अहवाल यावयास आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत आई देवापुढून उठली नाहीं, आणि लग्नाच्या याद्या तशाच पडून राहिल्या. अहवालांत कर्करोग नव्हता. लसिका तुंबून आलेली सूज व तिचा दाह एवढेंच होतें. पांच आठवडे दडवून ठेवल्याचें ह्या खेपेस निभावलें. चौथा प्रकार असता तर ते पांच आठवडे कशानेंही परत मिळाले नसते, हें डॉक्टर बोलून दाखवीत नव्हते, पण त्यांच्या मुद्रेवर आम्हांस दिसत होतें.

त्यानंतर व्यायामशिक्षिकेनें हलक्या हातानें मर्दन करण्याची एक रीत शिकविली, योग्य मापाची आधार देणारी चोळी दिली, आणि वर्षभरांत सूज बरीचशी उतरली. स्तन किंचित आक्रसला आहे व हाताला टणक लागतो. कातडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल रेषा उमटल्या आहेत. हे किरणांचे कायमचे ठसे असून त्यांना उपाय लागत नाहीं. किरण घेतल्यानंतरच्या महिन्यांत कोरडा खोकला किंवा धाप लागली, तर तीही सांगावी, कारण स्तनामागच्या फुप्फुसालाही कधीं कधीं असाच दाह होतो. तरुण स्त्रियांनीं विचारावें असें आणखी एक आहे. पुढें मूल झालें तर किरण घेतलेल्या स्तनास दूध थोडें येतें किंवा येतच नाहीं. दुसऱ्या स्तनानें मूल पाजतां येतें.

आमच्या आईचें वय आतां एक्याऐंशी आहे. लेपाची गोष्ट निघाली कीं ती अजून ओशाळते. २०१९ च्या त्या उन्हाळ्यांत तिनें ट्रंकेंतलीं आमच्या वडिलांचीं जुनीं, धुवून धुवून मऊ झालेलीं धोतरें काढलीं, आणि त्यांच्या सैल, पुढून नाडीच्या, शिवण बाहेरच्या बाजूस ठेवलेल्या सहा चोळ्या स्वतः हातानें शिवल्या. आतां नात्यागोत्यांत कोणास किरण घ्यावयाचे आहेत असें कळलें कीं ती प्रथम माप विचारते. गेल्या महिन्यांत मिरजेच्या एका विहीणबाईंसाठीं चार चोळ्या गेल्या. त्यांच्या घरीं हा आजार अजून कोणास सांगितलेला नव्हता, आणि आईनें तो फोनवर, सगळ्यांना ऐकूं जाईल अशा आवाजांत, नांव घेऊन विचारला.